धुरपदाबाईची मूठ

ताडकळस, ४ ऑगस्ट

चि. गोपीचंद,

सलाम. आशीर्वाद पुढच्या पत्रात, आत्ता मी तेवढी खुशीत नाही.

तू पाठवलेला संमतीचा कागद याच पाकिटात परत घातला आहे. सही केलेली नाही. जिथे पेन्सिलीने फुली मारून 'इथे सही' लिहिलं होतंस, ती फुली खोडून टाकली, म्हणजे कागद दुसऱ्या कुणासाठी वापरता येईल. हे फोनवरच सांगणार होते, पण माझा नंबर तू बंद करून ठेवलास. पत्राला तसलं बटण नसतं. पाकिटावर मी 'गोपीचंद लिंबाजी' असंच लिहिलं आहे, 'पास्टर जी. सॅम्युएल' नाही. पुण्याच्या पोस्टमनला तू सापडला नाहीस तर दोष त्या नव्या नावाचा.

तुला काय हवं ते मला नीट कळलं आहे. माय फेब्रुवारीत गेली. तिच्या घराचं तू 'धुरपदाबाई स्मृती प्रार्थना भवन' करणार. मधल्या भिंती पाडणार, खाली फरशी, वर पंखे, दारावर तिचा मोठा फोटो. मला मागची खोली देणार, ही तुझी कृपा. पण दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तेव्हा त्यांची पोरं कुठे राहायची, हे तुझ्या चार पानांत एका ओळीतही नाही.

तू याच घरात वाढलास, तुला सांगायची गरज पडू नये. पण विसरलास असं दिसतं म्हणून सांगते. वस्तीवरची नवरा-बायको मुकादमाबरोबर साखर कारखान्यांच्या मुलखात जातात, पाचटाच्या कोपीत राहतात, उन्हाळा लागला की परततात. पोरं बरोबर नेली तर शाळा सुटते, आणि उसाच्या फडात साप असतात, ट्रॅक्टर असतात. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस नाही त्यांची पोरं माय ठेवून घ्यायची. इथेच जेवायची, सतरंजीवर ओळीनं झोपायची, इथूनच शाळेत जायची. तुझ्या आठवणीत एक वर्ष असं नाही की हिवाळ्यात आपल्या ओसरीवर दुसऱ्यांची पोरं नव्हती.

आणि त्यांचं खाणं कुठून यायचं? मूठ तरी आठवत असेल. दळणाला ज्वारी काढली की प्रत्येक बाईनं त्यातली एक मूठ बाजूला ठेवायची. बाजाराच्या दिवशी माय झोळी घेऊन वस्तीवर आणि गावातही फिरायची. जमीनवाल्यांच्या बाया द्यायच्या, मजूर बायाही द्यायच्या. पण मूठ सरळ झोळीत टाकलेली तिला चालायची नाही. "माझ्या हातात दे," म्हणायची. "मंग कळतं कोनाची हाय. रातच्याला तुझं नाव घिऊन मागता येतं बापापाशी." आणि खरंच मागायची. शास्त्र तिला वाचता येत नव्हतं, ते मी वाचून दाखवायची. प्रार्थना मात्र तिची ती करायची, ज्यांनी मूठ दिली त्या सगळ्या बायांची नावं घेत. आपण दोघं पेंगायचो आणि नावं संपायची नाहीत.

मातीच्या दिवशी तू तासभर बोललास. चांगलं बोललास, खोटं कशाला म्हणू, माणसं रडली. 'आमच्या मातोश्रींनी फार मोठा आत्मिक वारसा मागे ठेवला आहे,' असं म्हणून तू पूर्णेहून संध्याकाळची गाडी धरलीस. तो वारसा तेव्हा ओसरीवर नाक पुसत बसला होता. त्याला रात्री भाकरी कुणी केली ते तू विचारलं नाहीस. मी केली. परीक्षा होईपर्यंत मीच केली. या वर्षीही मीच करणार आहे, म्हणून सही करत नाही.

तुझी अक्का,
राजेश्री

ताडकळस, २५ ऑगस्ट

गोपीचंद,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं. बहिणीला टाइप करून लिहिणारा तू आपल्या घराण्यातला पहिलाच.

मायच्या थडग्याचा व्हिडिओ मीही पाहिला. घरामागच्या आपल्या तुकड्यात, हिवराच्या झाडाखाली, मातीच्या उंचवट्यावर पिवळं फडकं, उदबत्ती, फुटलेले नारळ, आणि मागे कुठलं तरी ढोलकीचं गाणं लावलेलं. खाली लिहिलेलं, 'धुरपदामायची समाधी, नवसाला पावते.' तुझ्या मंडळीतल्या कुणाच्या तरी फोनवर तो गेला आणि पुण्यात तुला तोंड दाखवायला जागा राहिली नाही, हे कळलं. म्हणून आता थडग्यावर नाव कोरलेली फरशी, भोवती भिंत, लोखंडी दार, दाराला कुलूप आणि किल्ली पुण्याला कमिटीकडे. म्हणजे मायजवळ दोन मिनिटं बसायचं असेल तर मी आधी पुण्याला येऊन अर्ज करायचा का?

नारळाबद्दल मात्र तुझं बरोबर आहे. हे लिहायला मला अजिबात आवडत नाही, पण बरोबर आहे. माय मरेपर्यंत एका देवाला धरून राहिली, आणि तिलाच देव करून ठेवलं तर ती आतल्या आत तळमळेल. ते बंद करायचं हे तुझं पत्र यायच्या आधीच मी ठरवलं होतं. फक्त मी कुलूप आणायला गेले नाही, कमलबाईकडे गेले.

कमलबाई म्हणजे वस्तीच्या तोंडाशी राहते ती. तिची दोन्ही पोरं आपल्याकडे राहून शिकली. दर सालाला ती ऊस तोडायला जाते आणि टोळीतल्या बाया तिच्या शब्दाबाहेर नाहीत. पहिला नारळ तिनंच फोडला होता. मी दारातूनच भांडायला सुरुवात केली. तिनं मला बसवलं, चहा टाकला, आणि मग म्हणाली,

"अक्का, तुमी रागावू नगा. मूठ काढायची आमाला सवय लागली हाय. काढलेली मूठ परत डब्यात टाकावं का? माय व्हती तवा तिच्या हातात टाकीत व्हतो. आता तिच्या पायापाशी नेऊन टाकायलोत. मंग रिकाम्या हातानं कसं जावं, म्हून नारळ."

"अगं, पण मी आहे ना घरात. माझ्या हातात द्यायची."

ती हसली. वाईट हसली नाही, लहान पोराला समजावतात तशी हसली.

"तुमचा हात कसा चालंल? तुमी लेक. गादी लेकाची असती. गोपीचंददादा तर शिकून पाद्री झालेत, गादी त्यांची. ते येईनात, मंग गादी रिकामी. रिकाम्या गादीवर आमी कोनाच्या हातात द्यावं?"

बघ, किती सरळ हिशेब आहे. महाराज गेला की समाधी बांधायची आणि गादीवर त्याचा मुलगा बसवायचा, हा या बायांना माहीत असलेला रिवाज. मायचंही तसंच असणार असं त्यांनी धरलं. त्यात त्यांचा काही दोष नाही, कारण तूही तेच धरून चालला आहेस. तू फक्त नारळाऐवजी फरशी म्हणतोस.

आपल्या मायकडे गादी कुठली? एक सतरंजी होती, तीही पोरांनी ओली केलेली.

मी घरी आले आणि थडग्यावरची ज्वारी झाडून गोळा केली. कबुतरांनी आणि मुंग्यांनी खाऊन उरलेली ती चांगली पायलीभर निघाली. निवडली, धुतली, वाळवली आणि दळून आणली. मग बाजाराच्या दिवशी संध्याकाळी वस्तीवरच्या बायांना जेवायला बोलावलं. नारळाचीच चटणी वाटली. ताटं वाढल्यावर सांगितलं, की ही मायच्या थडग्यावर पडलेली ज्वारी आहे आणि नारळही तिथलेच.

एकही हात ताटाकडे गेला नाही. मेलेल्या माणसाला दाखवलेलं कावळ्यानं खायचं, घरच्यांनी नाही. हे मला माहीत होतं, म्हणूनच तर बोलावलं होतं. दोघी तर उठून उंबऱ्यापर्यंत गेल्या. मी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. अख्खी भाकरी सगळ्यांदेखत खाल्ली, मधे मधे पाणी पीत. मग म्हटलं, "हे मेलेल्याचं असेल तर मला रात्रीतून काहीतरी होईल, उद्या बघायला या. आणि हे पोरांचं असेल तर तुम्ही सहा महिने पोरांच्या तोंडचं मातीवर ओतलं."

कमलबाईनं ताट पुढे ओढलं. तिनं खाल्ल्यावर बाकीच्यांनी खाल्लं. सगळ्यांनी नाही.

पिवळं फडकं मी धुऊन ठेवलं आहे. लंगोटाला येईल.

राजेश्री

ताडकळस, १९ सप्टेंबर

गोपीचंद,

मूर्तीला वाहिलेलं मी खाल्लं, म्हणून प्रभुभोजनातला माझा सहभाग बंद करावा असं तू पूर्णेच्या पाळकांना कळवलंस. त्यांनी मला रविवारी उपासनेनंतर थांबवून ते दाखवलं. बिचारे फार ओशाळले होते. मी म्हटलं, तुम्ही तुमचा धर्म पाळा, मी मागच्या बाकावर बसेन. मागच्या बाकावरही पंखा आहे.

तू खाली चार वचनांचे आकडे दिले आहेस. मीही वाचली, मला वाचता येतं, मायला वर्षानुवर्षं मीच वाचून दाखवत होते. तुला चार सापडली, मला उपाशी माणसाबद्दलची सापडली, ती चारपेक्षा जास्त आहेत. आकडे पाठवत नाही. तुझ्याकडेही तेच पुस्तक आहे.

खरा राग मला आला तो शेवटच्या परिच्छेदाचा. 'इतकी वर्षं आईनं या मुलांना खाऊ घातलं, त्यांतून किती आत्मे तारले गेले? किती बाप्तिस्मे झाले? फळ दाखव.'

गेल्या हिवाळ्यात इथला एक जण ओसरीवर येऊन मला दरडावून गेला, की तुम्ही पोरांना बाटवता. तुम्हा दोघांची गाठ घालून द्यावी असं फार वाटतं. तो विचारतो का बाटवलीस, तू विचारतोस का बाटवली नाहीस, आणि पोरांनी आज काय खाल्लं हे दोघांपैकी एकानंही विचारलेलं नाही. त्याला दिलं तेच उत्तर तुला देते. माय रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर, मोठ्यानं, येशूच्या नावानं प्रार्थना करायची. कधी लपवलं नाही, कधी लाजली नाही. ज्याला हात जोडायचे त्यानं जोडले, ज्याला खेळायचं तो अंगणात खेळला. भाकरी दोघांना सारखीच मिळाली. तिला बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकांनी नवं नाव घ्यायला सांगितलं होतं, तर ती म्हणाली होती, "देवानं मला धुरपदा म्हून बोलावलंय, आता नाव बदललं तर त्याला सापडायची न्हाई." अशा बाईनं दुसऱ्याच्या लेकराचं काय बदलायला जावं?

फळ मागतोस. मी मोजलेली नाहीत. तिनंही मोजली नव्हती. मोजून ठेवायची वेळ आली असती तर ती म्हणाली असती, आधी भांडी घास.

तू नवरात्रानंतर येणार, कमिटी घेऊन येणार, फरशी घेऊन येणार असं लिहिलंस. ये. किती जण आहात ते मात्र कळव, पीठ मळायला बरं.

मूठ अजून कुणी माझ्या हातात दिलेली नाही. थडग्यावर टाकणं बंद झालं, एवढंच. पोत्याचा तळ दिसतोय, पण ते तुला कशाला सांगू.

राजेश्री

ताडकळस, १२ ऑक्टोबर

गोपीचंद,

तू रागात गेलास, जेवला नाहीस. तुमच्या गाडीतल्या दोघा वडीलधाऱ्यांनी मात्र भाकरी आणि ठेचा पोटभर खाल्ला, तू फोनवर होतास तेव्हा. ते मला सांगू नका म्हणाले होते, पण मी सांगते.

झालेलं पुन्हा लिहिते आहे, कारण पुण्यात तू ते वेगळं सांगशील.

संगमरवर सुंदर आहे. 'पूज्य मातोश्री धुरपदाबाई, विश्वासाची वीरांगना', खाली तुझं नाव, मग कमिटीचं. तिच्या नवऱ्याचं, आपल्या आबांचं, नाव नाही, कारण आबांनी बाप्तिस्मा घेतला नव्हता. पण मूठ मागायला माय निघाली की ओझं वाहायला झोळीचं दुसरं टोक ते धरायचे. असो.

गवंडी तू चुडाव्याचा फोनवर ठरवला होतास, महारुद्र. तो कोण हे तुला माहीत नव्हतं, आणि कुणाचं थडगं हे त्याला माहीत नव्हतं. मोटारसायकल लावून तो मागे आला, हिवर बघितला, घर बघितलं आणि डोक्यावरचा रुमाल काढून उभा राहिला. लहानपणी तो या ओसरीवर झोपायचा, भिंतीकडेची जागा त्याची. तरी कामाला लागला. विटा रचल्या. दुपारी टेम्पोतून लोखंडी दार उतरलं तेव्हा थांबला.

"दादा, भित्ताडाचं काम करतो," तो तुला म्हणाला. "जनावर शिरू नाई म्हून बरं हाय. कुलपाचं दार मी बशिवनार न्हाई."

"पैसे कोण देतंय तुला?" तू विचारलंस.

"तुमीच. नका देऊ."

एवढंच बोलला. तू त्याला उद्धट म्हणालास. तो हत्यारं गोळा करत राहिला.

तोपर्यंत वस्तीवरच्या बाया आल्या होत्या. तुला वाटलं भांडायला आल्या. त्या तुलाच भेटायला आल्या होत्या, गोपीचंद. गादीवर बसणारा आला असं त्यांना कळलं होतं. कमलबाई पदरात ज्वारी घेऊन पुढे झाली.

"दादा, लय दिसानं आलाव. हात करा पुढं. आठ महिन्याचं थांबलंय आमचं."

कमिटीचे दोघं बघत होते. तू काय विचार केलास मला माहीत नाही. कदाचित थडग्याजवळ उभं राहून इतर धर्माच्या बाईकडून धान्य घेतलं तर फोटो निघेल, असं मनात आलं असेल. तू हात मागे घेतलेस. दोन्ही. आणि म्हणालास, "बाई, मी हे घेऊ शकत नाही. काही द्यायचंच असेल तर कमिटीला द्या, पावती मिळेल."

मी तुझ्याकडे बघत होते. लहानपणी मूठ घ्यायला माय तुला पुढे करायची, तुझ्या हातात मावायची नाही, सांडायची, आणि तू सांडलेले दाणे वेचत बसायचास. तोच हात तू पाठीमागे नेऊन धरलास. त्या क्षणी मला तुझी लाज वाटली. आता लिहितानाही वाटते आहे, आणि मी ते शब्द मऊ करणार नाही.

कमलबाईनं पदर सावरला. मग वळली आणि माझ्यासमोर आली. मी हात पुढे केला नव्हता. तिनंच माझा हात धरून वर केला आणि मूठ त्यात रिकामी केली. मग दुसरीनं. मग रांगच लागली. माझ्या पदरात मावेना तेव्हा महारुद्रनं सिमेंटचं घमेलं धुऊन आणलं.

तुझी गाडी त्याच वेळी निघाली. धूळ आमच्या ज्वारीत आली, पुन्हा पाखडावी लागली.

त्या रात्री पहिल्यांदा मी मायसारखी नावं घेऊन प्रार्थना केली. काही नावं चुकली असतील. तुझं नाव शेवटी घेतलं, रागातच घेतलं, पण घेतलं.

राजेश्री

ताडकळस, २३ नोव्हेंबर

गोपीचंद,

टोळ्या गेल्या. ओसरी भरली आहे. तुझ्या वकिलाची नोटीसही आली आहे आणि पूर्णेच्या कोर्टातली तारीखही. तुझा संगमरवर मी नळाखाली पालथा टाकला आहे, लहान पोरांचा हात आता तोटीला पुरतो.

हे पत्र मी लिहिणार नव्हते. तारखेलाच भेटू म्हणून गप्प बसले होते. पण परवा कमलबाईचा फोन आला, सांगलीकडच्या कुठल्याशा फडावरून. पोरांची चौकशी केली, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "अक्का, आमच्या कोपीत एक लेकरू ठिवून घेतलंय. दुसऱ्या टोळीतल्या बाईचं. तापानं फणफणलं व्हतं आन ती फडात जायलीय. माझी सून या टायमाला तोडीला न्हाई, तिच्यापाशी ठिवलं."

मी विचारलं, कुठली बाई, नाव काय?

"नाव इचारायचं राहिलं. तिला घाई व्हती."

मी फोन ठेवला आणि उरलेलं पीठ मळलं. जे तुला सांगायचं नाही असं मायनं मला बजावलं होतं, ते आता सांगते. ती गेली, आणि तू मला कोर्टात ओढलंस. आता मी कुणाचं ऐकायचं ते मी ठरवणार.

तुझी साक्ष मी ऐकली आहे, मोबाइलवर आहे ती. 'मी तान्हा होतो, मरायला टेकलो होतो, ना डॉक्टर ना औषध, माणसाचा हात न लागता प्रभूनं मला बरं केलं.' लोक टाळ्या वाजवतात. तुझी चूक नाही. माय तुला एवढंच सांगायची, प्रभूनं वाचवलं.

त्या वर्षी माय आणि आबा दोघंही ऊस तोडायला गेले होते. तू रांगत होतास, आणि तुला सांभाळायला मला शाळेतून काढून बरोबर नेलं होतं. कोपीत गारठा होता. तुला हगवण लागली, मग ताप आला, मग तू रडायचाच बंद झालास. माय पहाटे फडात जायची ती अंधार पडल्यावर यायची, नाहीतर मुकादम आबांना शिव्या द्यायचा. मी तुला मांडीवर घेऊन बसायची, आणि तू मरशील म्हणून मला इतकी भीती वाटायची की मी तुझ्या नाकाखाली बोट धरून बसायची.

रस्त्यापलीकडे एक बाई राहायची. पाण्याला एकाच नळावर आम्ही जायचो. एकदा तिनं तुला बघितलं, माझ्याकडून उचललं आणि काही न विचारता घरात नेलं. संध्याकाळी माय धावत गेली तर तू तिच्या शेळीचं दूध चमच्यानं पीत होतास. ती बाई म्हणाली, "राहू दे इथं. तुमचं काम संपलं की घेऊन जा." पूर्ण हंगाम तिनं तुला ठेवलं. मलाही जेवू घालायची. तुझे लंगोट तिनं धुतले, तुझ्या उशाला ती रात्रभर जागली. तिच्या भिंतीवर एक लाकडी क्रूस होता, तेवढं मला आठवतं.

निघायच्या दिवशी माय गळ्यातली पोत काढून द्यायला गेली. ती बाई म्हणाली, "मला काही नको. तू दुसऱ्याचं लेकरू ठेव." ट्रॅक्टर सुरू झाला होता, आबा हाका मारत होते. माय तुला घेऊन पळत सुटली. हंगामभर आम्ही तिला मावशीच म्हणत आलो, तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

पुढच्या वर्षी माय तोडीला गेली नाही. आबा एकटे गेले. बायकोशिवाय गेलेल्याला अर्धा कोयता म्हणतात, मजुरी अर्धी आणि बोलणी दुप्पट, ते त्यांनी सोसलं. मायनं शेजारणीची दोन पोरं ठेवून घेतली. मग पूर्णेला चर्चच्या दारात जाऊन उभी राहिली आणि पाळकांना म्हणाली, त्या बाईच्या भिंतीवर जो देव व्हता तो कोन, मला सांगा. आपल्या घरातली सगळी भक्ती तिथून सुरू झाली.

तुला सांगू नको म्हणायची. "त्याला वझं वाटंल. प्रभूनं वाचवलं म्हनं, खोटं थोडंच हाय." खोटं नाहीच ते. पण हात लागला होता, गोपीचंद. चांगले हंगामभर दोन हात लागले होते.

तू वारशाबद्दल फार बोलतोस. त्या बाईनं किती आत्मे जिंकले ते कुठे लिहिलेलं नाही. तिला पुढे काही कळलंही नसेल, ना माय, ना ही ओसरी, ना तुझी पुण्याची मंडळी. तिचं थडगं कुठे आहे मला माहीत नाही. तिच्या फरशीवर काय कोरशील? नावच नाही आपल्याकडे.

घर मी देणार नाही. सही करणार नाही. कोर्टानं काढून घेतलं तर ओसरीवरची पोरं महारुद्रच्या घरी झोपतील, त्यानं सांगून ठेवलं आहे, आणि मी तिथे भाकऱ्या करीन. एवढं एक पक्कं समज, की हे तुझ्या भिंतींवर अवलंबून नाही, आणि माझ्यावरही नाही. मला हे कमलबाईच्या फोननं कळलं.

तारखेला मी येणार आहे. पोरांना घरी एकटं टाकता येत नाही, म्हणून सगळी बरोबर आणीन. तुझ्या वकिलांना सांगून ठेव, ती गप्प बसणारी नाहीत. न्यायाधीशांनी विचारलं की ही कुणाची, तर सांगेन, ऊस तोडायला गेलेल्यांची आहेत. मग त्यांनी तुझ्याकडे बघून विचारलं की हे गृहस्थ कोण, तर सांगेन, हाही त्यांतलाच, याला एका बाईनं ठेवून घेतलं होतं.

तुझी अक्का,
राजेश्री